फोटो तुमचा, पण केलेले बदल कुठे राहतात? : वाचकांचे प्रश्न

फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं देताना हौशी फोटोग्राफर डोळ्यांसमोर आहे. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांची गणितं वेगळी असतात.

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि सोबत मिळालेली १८-५५ लेन्स आहे. कास, सज्जनगड, जवळपासचे किल्ले अशी भटकंती असते. महिन्याला दीडदोनशे फोटो निघतात. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे. मित्र म्हणतात, फोटोशॉप शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. दर महिन्याला पैसे भरणं पटत नाही. काय घ्यावं? (वाचक, सातारा)

उत्तर : फोटोशॉप तूर्त बाजूला ठेवा. एकाच फोटोवर तासभर बसायचं असेल, दोन फोटो जोडायचे असतील, मधला विजेचा खांब काढायचा असेल, तर ते हत्यार कामाचं. तुमचं काम निराळं आहे. दीडशेतून वीस निवडायचे, त्यांचा उजेड आणि रंग जागेवर आणायचा, क्रॉप करायचं आणि दोन वर्षांनी तो फोटो सापडला पाहिजे. याला रॉ कन्व्हर्टर लागतो, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल (रॉ) उघडून तिचा फोटो बनवणारं सॉफ्टवेअर. अ‍ॅडोबीनेही (फोटोशॉप बनवणाऱ्या कंपनीने) २००७ मध्ये लाइटरूम वेगळं काढलं ते याच कामासाठी.

आधी कॅमेऱ्यात 'रॉ + जेपीईजी' चालू करा. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. कासला ढगाळ दुपारी आभाळ पांढरंफटक येतं आणि फुलं काळपट. अशा वेळी जेपीईजी उजळायला गेलं की सावलीत पट्टे आणि ठिपके दिसायला लागतात. रॉ फाइल तेवढं ओढलेलं सहन करते. मात्र मेमरी कार्ड लवकर भरतं. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते.

पहिला महिना कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनल वापरा. कंपनीच्या साइटवर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर दिला की फुकट उतरवता येतं. त्यात रॉ उघडली की रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसले होते तसेच दिसतात, कारण पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेऱ्यात निवडलेली रंगांची ठेवण, जशीच्या तशी लागू होते. इतर सॉफ्टवेअरना हे अंदाजाने करावं लागतं. निकॉनवाल्यांसाठी एनएक्स स्टुडिओ आणि सोनीवाल्यांसाठी इमेजिंग एज हीच सोय आहे, तीही फुकट. कॅननच्या सॉफ्टवेअरची अडचण म्हणजे ते संथ आहे, आणि फोटोचा एखादाच भाग धरून काम करायच्या सोयी तोकड्या आहेत.

महिनाभरात ही अडचण जाणवली तर पुढचं बघा. जाणवली नाही तर बघूही नका.

पुढच्या निवडीसाठी परीक्षणं वाचत बसण्यापेक्षा स्वतःचे पाच फोटो काढून ठेवा: सीतेची आसवं किंवा तसंच जांभळं-निळं फूल, धुक्यातला किल्ला, उजेडाकडे पाठ असलेला चेहरा, संध्याकाळी आयएसओ ३२०० ला काढलेला फोटो आणि तिरकं आलेलं क्षितिज. हेच पाच फोटो प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. जांभळा रंग ही सगळ्यात कडक परीक्षा. एकाच फाइलमधलं फूल एका सॉफ्टवेअरमध्ये निळं तर दुसऱ्यात गुलाबीकडे झुकलेलं दिसतं. तुम्ही फूल प्रत्यक्ष पाहिलेलं आहे, तेव्हा पंच तुम्हीच.

फुकट मिळणाऱ्यांत दोन नावं पक्की: डार्कटेबल आणि रॉथेरपी. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतात. तुमच्या लॅपटॉपवर दोन्ही चालतील, फक्त ब्राउझर बंद ठेवा आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाकून घ्या. तेवढ्या खर्चात जो फरक पडतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. कॅमेऱ्यासारखा रंग पटकन हवा असेल तर रॉथेरपी. त्यात 'ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह' आहे. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेला छोटा जेपीईजी बघून ते उजेडाची चढण तशीच बसवतं. मास्क लावून आभाळ वेगळं आणि डोंगर वेगळा करायचा असेल, फोटोंना टॅग लावून शोधायचे असतील, तर डार्कटेबल. ते शिकायला अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. दोन रविवार जातील.

आता या सदरात पुन्हा पुन्हा येणारा मुद्दा. सॉफ्टवेअर निवडताना विचारा: माझे बदल कुठे लिहिले जातात? रॉ फाइलमधल्या मूळ चित्राला कुणीच हात लावत नाही. 'एक्स्पोजर इतकं वाढव, डावीकडून इतकं काप' अशा सूचना साठवल्या जातात. कॅननचं सॉफ्टवेअर या सूचना रॉ फाइलमध्येच ठेवतं. डार्कटेबल शेजारी एक्सएमपी फाइल बनवतं, रॉथेरपी पीपी३ फाइल. लाइटरूम क्लासिक सगळं एका कॅटलॉगमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या नोंदवहीत, ठेवतं. आणि एकाच्या सूचना दुसऱ्याला नीटशा कळत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर बदलायचंच असेल तर पहिल्या वर्षात बदला. पाच वर्षांनी बदललंत तर जुन्या फोटोंवरची मेहनत तिथेच राहते.

एक इशारा. 'लाइफटाइम की' म्हणून स्वस्तात विकलं जाणारं लाइटरूम घेऊ नका. मासिक वर्गणीशिवाय मिळणारी त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची लाइटरूम ६. तिला नवे कॅमेरे ओळखता येत नाहीत. त्यापुढचं 'कायमचं' म्हणून जे विकतात ते क्रॅक असतं, आणि सोबत काय येतं ते बँकेचा पासवर्ड गेल्यावर कळतं.

प्रश्न : तुमच्यासारख्यांचं ऐकून डार्कटेबल टाकलं. आळंदीला काढलेले वारीचे फोटो उघडले तर कॅमेऱ्यात छान दिसणारे फोटो मरगळलेले, राखाडी दिसतात. शंभर मॉड्यूल आहेत. कुठे हात घालू? (वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : फोटो बिघडलेले नाहीत. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो तो जेपीईजी असतो. त्याला कॅमेऱ्याने कॉन्ट्रास्ट, रंग, धार सगळं देऊन ठेवलेलं असतं. डार्कटेबल ते काहीच घेत नाही. शिधा दिला आहे, स्वयंपाक तुम्ही करा, असा कारभार आहे.

वारीचा फोटो म्हणजे भर दुपार, पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि टोपीच्या सावलीत सावळा चेहरा. पुढच्या क्रमाने जा. बाकीच्या मॉड्यूलांकडे, म्हणजे एकेका कामाच्या हत्यारांकडे, महिनाभर बघायचंच नाही.

सुरुवात एक्स्पोजरपासून. चेहरा नीट दिसेपर्यंत स्लायडर वाढवा. टोपी पांढरीफटक पडेल, पडू द्या. बहुतेक जण इथेच घाबरून मागे येतात आणि चेहरा काळाच ठेवतात.

मग सिग्मॉइड. ते वरचा उजेड आत ओढून घेतं आणि टोपीवरची शिवण परत दिसायला लागते. सिग्मॉइड किंवा फिल्मिक, दोहोंपैकी एकच चालू ठेवा. दोन्ही चालू राहिली की फोटो पुन्हा राखाडी होतो, आणि आलेल्या पत्रातली तक्रार बऱ्याचदा यामुळेच असते. टोपी तरीही सपाट पांढरी राहिली तर कीबोर्डवर 'शिफ्ट-ओ' दाबा. जिथे कॅमेऱ्यातच तपशील जळून गेला आहे ती जागा रंगाने भरलेली दिसेल. तिथे कुठलाही स्लायडर काही आणून देणार नाही. पुढच्या वारीला कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ठेवा.

चेहरा अजून थोडा उजळ हवा असेल तर टोन इक्वलायझर. मॉड्यूल उघडं ठेवून माऊसचा बाण चेहऱ्यावर न्या आणि चाक फिरवा. तेवढ्या उजेडाचा भाग वर-खाली होतो, बाकीचा फोटो जागच्या जागी राहतो. अर्धा स्टॉप पुरे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). त्यापुढे गेलात की टोपीच्या कडेने उजेडाची रेघ दिसायला लागते.

रंगाला कलर कॅलिब्रेशन. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल अशी रंगांची जुळणी, इथे करायचा. 'व्हाइट बॅलन्स' नावाचं जुनं मॉड्यूल वेगळं आहे, त्याला हात लावू नका. दोन्हीकडे बदल केले की रंगांची खिचडी होते आणि सॉफ्टवेअर तसा इशाराही देतं. त्यानंतर कलर बॅलन्स आरजीबीमधलं 'बेसिक कलरफुलनेस'चं तयार प्रीसेट लावा. मरगळ जाते ती इथे.

शेवटी लेन्स करेक्शन आणि डीनॉइझ प्रोफाइल्ड चालू करा. एक फोटो मनासारखा झाला की लाइटटेबलमध्ये (सगळे फोटो एकत्र दिसतात त्या पानावर) तो निवडून कंट्रोल-सी, त्याच उजेडातले बाकीचे निवडून कंट्रोल-व्ही. चाळीस फोटो एका दमात होतात, मग प्रत्येकाचं फक्त एक्स्पोजर बघायचं.

आणि फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचे असतील तर डार्कटेबलमधूनच हलवा. विंडोजमधून नुसती रॉ फाइल उचलून नेली की शेजारची एक्सएमपी मागे राहते, आणि 'माझी मेहनत उडाली' असं पत्र आम्हाला येतं. उडालेली नसते, जुन्या फोल्डरमध्ये पडलेली असते.

प्रश्न : लाइटरूमची वर्गणी बंद केली तर फोटो जातात का? (वाचक, बंगळुरू)

उत्तर : लाइटरूम क्लासिक असेल तर नाही. फोटो तुमच्याच डिस्कवर असतात. वर्गणी संपल्यावरही कॅटलॉग उघडतो, शोधता येतं, एक्स्पोर्ट करता येतं. डेव्हलप आणि मॅप ही मॉड्यूल बंद होतात. क्लाउडवालं लाइटरूम असेल तर आधी मूळ फोटो सगळे उतरवून घ्या, मगच वर्गणी थांबवा. दोन्हींतून बाहेर पडण्यापूर्वी एक काम करा: आवडते फोटो पूर्ण आकाराचे जेपीईजी करून वेगळ्या डिस्कवर ठेवा. क्लासिकमध्ये सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस केलं तर टॅग, तारे आणि सूचना एक्सएमपीत लिहिल्या जातात. तारे आणि टॅग दुसरीकडे वाचता येतात, सूचना फारशा नाही.

प्रश्न : वडील अजून पिकासा वापरतात. चाळीसएक हजार फोटो, नातेवाइकांचे चेहरे ओळखून नावं दिलेली. नवा लॅपटॉप घेतलाय. आता काय? (वाचक, पुणे)

उत्तर : पिकासा हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर गूगलने २०१६ मध्ये बंद केलं. जुन्या लॅपटॉपवर ते चालतंय तोवर घाई नाही, पण तो लॅपटॉप विकायच्या किंवा फॉरमॅट करायच्या आधी पुढची कामं त्यावरच उरका. नव्या लॅपटॉपवर नुसते फोटो कॉपी केलेत तर वडिलांनी दहा वर्षं घातलेली नावं आणि तारे मागे राहतील.

पिकासात केलेले बदल 'सेव्ह' म्हटल्याशिवाय फोटोत उतरत नाहीत. ते प्रत्येक फोल्डरमधल्या पिकासा डॉट आयएनआय नावाच्या छोट्या फाइलमध्ये असतात. म्हणून एकेक फोल्डर निवडून बदल डिस्कवर सेव्ह करा. तसं केलं की मूळ फोटो 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपलेल्या उपफोल्डरमध्ये जातो. लपलेला असल्यामुळे कॉपी करताना तो सुटतो. विंडोजमध्ये लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय आधी चालू करा.

चेहऱ्यांसाठी पिकासा ३.९ मध्ये टूल्स, ऑप्शन्स, नेम टॅग्ज इथे 'नावं फोटोत साठवा' असा चौकोन आहे. तो चालू करा, आणि आधी दिलेली नावं लिहून घ्यायला टूल्सच्या एक्सपेरिमेंटलमधला चेहरे एक्सएमपीत लिहिण्याचा पर्याय चालवा. चाळीस हजार फोटोंना रात्रभर लागू शकते, चार्जर लावून ठेवा.

ताऱ्यांचं काय? तारा फोटोत लिहिला जात नाही. त्यावर साधी युक्ती: फक्त तारांकित फोटो दाखवायला सांगा, सगळे निवडा, कंट्रोल-टी दाबून 'तारा' असा टॅग द्या. टॅग जेपीईजीच्या आत लिहिला जातो. अल्बमचंही असंच, प्रत्येक अल्बममधले फोटो निवडून त्याच्या नावाचा टॅग.

मग नव्या लॅपटॉपवर डिजिकॅम टाका. फुकट आहे आणि फोटोत लिहिलेले टॅग, मजकूर, चेहऱ्यांची नावं वाचतं. सुरुवातीला फक्त एका फोल्डरवर करून बघा. नावं आली का ते तपासा आणि मगच पूर्ण संग्रह न्या. दिसायला पिकासाइतकं सुटसुटीत नाही, वडील पहिले आठ दिवस कुरकुर करतील.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. स्नॅपसीड हे फोटो एडिटिंगचं ॲप पुरेल का? गणपतीच्या फोटोत गुलाल आणि झेंडू नुसता लाल-केशरी गोळा दिसतो. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : पुरेल, भरपूर पुरेल. चेहऱ्यासाठी त्यातलं 'सिलेक्टिव्ह' शिका: चेहऱ्यावर टिचकी मारा, दोन बोटांनी वर्तुळ लहान करा, मग बोट उजवीकडे नेऊन ब्राइटनेस वाढवा. 'स्ट्रक्चर' १५ च्या वर नेऊ नका, मूर्ती प्लॅस्टिकची दिसते.

गोळा होण्याचं कारण वेगळं आहे. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगथरांचा (चॅनेलचा) बनलेला असतो आणि भडक केशरीत लाल चॅनेल सगळ्यात आधी टोकाला जातो. एकूण उजेड बरोबर असला तरी पाकळ्यांमधला फरक पुसला जातो. सॅच्युरेशन कमी केल्याने रंग फिका होतो, पाकळ्या परत येत नाहीत. फोटो काढतानाच पडद्यावर झेंडूवर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा. चेहरा नंतर सिलेक्टिव्हने उजळता येतो. आणि तयार फोटो घरच्या ग्रुपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲप तो आकुंचित करतं आणि दोष स्नॅपसीडला जातो.

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाचे कृष्णधवल आणि ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो स्कॅन करायचेत. रंगीत फोटो लालसर पडलेत. फुकट सॉफ्टवेअरने होईल का? (वाचक, नागपूर)

उत्तर : गिंप या फुकट एडिटिंग सॉफ्टवेअरने होईल. पण निम्मं काम स्कॅनरवर होतं. फोटो अल्बमच्या डिंकाला चिकटला असेल तर ओढू नका, पान तसंच स्कॅन करा. ४×६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) घेतलात की ३६००×२४०० पिक्सेल मिळतात, १२ इंचांपर्यंत छापायला पुरे. टिफमध्ये साठवा. स्कॅनरचं आपोआप रंगसुधारणा करणारं बटण बंद ठेवा. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. का ते पुढे येतं.

लालसरपणाचं कारण असं की जुन्या प्रिंटमधला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी उडतो. तो लाल उजेड अडवायचा; आता अडवत नाही, म्हणून काळ्या केसांतही लाल उतरतो. गिंपमध्ये कलर्स मेन्यूतून लेव्हल्स उघडा आणि चॅनेलमध्ये 'रेड' निवडा. आलेख डाव्या काठापासून सुटलेला दिसेल. खालचा काळा त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो तिथवर उजवीकडे सरकवा. केस काळे होतात आणि भिंती पांढऱ्याकडे वळतात. मग ग्रीन आणि ब्लूमध्ये दोन्ही टोकं तशीच जुळवा. शेवटी कातडीचा रंग बघत रेडचा मधला त्रिकोण किंचित हलवा. 'ऑटो' बटण हेच करायला जातं, पण लग्नातल्या लाल शालूला तोही दोष समजून हिरवट करून टाकतं.

कृष्णधवल फोटोवर पिवळे-तपकिरी डाग असतात. असा डाग लाल चॅनेलमध्ये सगळ्यात फिका दिसतो. कलर्स, डिसॅच्युरेट, मोनो मिक्सर इथे जा, रेड १ करा, बाकी दोन शून्य. निम्मे डाग न पुसताच जातात, आणि म्हणूनच रंगीत स्कॅन. उरलेल्या ओरखड्यांना हील टूल: कंट्रोल दाबून जवळच्या स्वच्छ जागेवर टिचकी, मग ओरखड्यावर छोट्या छोट्या टिचक्या. लांब फराटा मारला की तिथे धुरकट पट्टा उठतो. हे सगळं वरच्या वेगळ्या लेयरवर करा.

गिंपची एक खोड सगळ्यांना अडवते. 'सेव्ह' केलं की एक्ससीएफ फाइलच मिळते, जेपीईजी नाही. लेयर राखण्यासाठी ती ठेवाच, आणि जेपीईजीसाठी 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' वापरा.

एआयने चेहरा 'स्पष्ट' करून देणारी ॲप मोहात पाडतात. ॲप चेहरा शोधून काढत नाही, नवा रचतं. आजीच्या कपाळावरचं गोंदण किंवा नाकातली चमकी अशा वेळी गुपचूप नाहीशी होते.

प्रश्न : स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो लॅबमधून काळपट येतो. सॉफ्टवेअर बदलू का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नको, स्क्रीनचा उजेड कमी करा. पांढरं पान उघडा, ट्यूबलाइटखाली एक कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. लॅपटॉपवर तो बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. डोळ्यांना आराम देणारा पिवळा उजेड बंद ठेवूनच एडिटिंग करा. एक्स्पोर्ट करताना रंगांच्या पद्धतींपैकी (कलर स्पेस) एसआरजीबी निवडा. अ‍ॅडोबी आरजीबी दिलं आणि लॅबच्या मशीनने ते एसआरजीबी समजून छापलं की रंग फिके येतात. लॅबवाल्याला 'करेक्शन करू नका' म्हणून सांगा आणि मोठ्या प्रिंटआधी त्याच फोटोची एक ४×६ काढून बघा.

मापाचंही बघा. १२×१८ ला ३०० डीपीआयने ३६००×५४०० पिक्सेल लागतात, ते २४ मेगापिक्सेलमध्ये बसतं. पण ८×१० मागितलंत तर ६०००×४००० च्या फोटोतले लांबीकडचे १००० पिक्सेल कापले जातात, आणि कुठून कापायचे ते लॅबवाला ठरवतो. उभ्या फोटोत बहुतेक वेळा पाय जातात. ४:५ चा क्रॉप स्वतःच करून पाठवा.